बेंचवरचा बारावा

कॉलेजच्या प्रत्येक फुटबॉल टीममध्ये असा एक जण असतोच. प्रॅक्टिसला सगळ्यांच्या आधी येतो, कोन मांडतो, वॉर्म-अप करतो आणि मॅच सुरू झाली की बिब घालून बाहेर बसतो. मॅच संपल्यावर त्याचे बूट सकाळी होते तेवढेच स्वच्छ असतात. ग्रुप फोटोत तो असतो, पण कडेला.

दोन वर्षं तो मी होतो. राखीव गोलकीपर! म्हणजे राखीवांमधलाही राखीव. स्ट्रायकर दमतो, मिडफिल्डरचा पाय मुरगळतो, मग बेंचवरचं कुणीतरी आत जातं. कीपर सहसा बदलत नाही. घरी आई विचारायची, ‘आज खेळलास का रे?’ मी सांगायचो, ‘टीम जिंकली.’

त्याच दिवसांत कधीतरी मला जिमी ग्लासची गोष्ट सापडली.

दहा सेकंदांचा हिशोब

तारीख 8 मे 1999. इंग्लंडच्या उत्तर टोकाला असलेलं कार्लाइल शहर. कार्लाइल युनायटेड हा क्लब 1928 पासून फुटबॉल लीगमध्ये होता आणि आता चौथ्या, म्हणजे सर्वांत खालच्या डिव्हिजनच्या तळाला पोचला होता. तळाचा क्लब थेट लीगबाहेर जाणार, असा तेव्हाचा नियम. शेवटची मॅच प्लिमथ अर्गाइलशी आणि जिंकण्यावाचून पर्याय नाही.

पण कार्लाइलची खरी पंचाईत काही आठवड्यांपूर्वीच झाली होती. त्यांनी आपला नेहमीचा गोलकीपर सीझन चालू असतानाच विकला. त्याच्या जागी लोनवर आणलेल्या मुलाला त्याच्या मूळ क्लबनं परत बोलावलं. खेळाडू घेण्याची मुदतही संपलेली. थोडक्यात, टीम आहे, पण गोलमध्ये उभं राहायला माणूस नाही. शेवटी लीगकडून खास परवानगी काढून स्विंडन टाऊनमध्ये संधीची वाट पाहत बसलेल्या जिमी ग्लासला लोनवर आणलं गेलं. मॅचेस उरल्या होत्या फक्त तीन.

त्यातली ही तिसरी. नव्वद मिनिटं संपली तेव्हा स्कोअर 1-1. तिकडे स्कारबरोची मॅच बरोबरीत सुटली होती. कार्लाइल जिंकलं नाही तर स्कारबरो वाचणार होतं. त्यांच्या मैदानावर जल्लोषही सुरू झाला. इकडे भरपाई वेळेतली शेवटची काही सेकंदं उरली असताना कार्लाइलला कॉर्नर मिळाला. ग्लास आपला गोल मोकळा सोडून पुढे धावला. हेडर झाला, प्लिमथच्या कीपरनं तो अडवला, बॉल सुटून ग्लासच्या समोर पडला आणि त्यानं तो जाळ्यात मारला. 2-1. कार्लाइल वाचलं.

ही फक्त नशिबाची गोष्ट नाही

हा व्हिडिओ पाहून सगळे ‘काय लक आहे!’ म्हणतात. मीही म्हटलं होतं. पण पुन्हा पाहिल्यावर प्रश्न पडला, मुळात अशी वेळ आली कशी?

उत्तर आहे ‘स्क्वॉड डेप्थ’. ऐकायला भारी वाटणाऱ्या या शब्दाचा अर्थ साधा आहे. पहिल्या अकरातला एक जण उद्या नसेल, तर त्याच्या जागी कोण? आणि तो किती तयार आहे?

मोठ्या क्लबकडे याचं उत्तर पैशात असतं. स्कॉट कार्सन 2019 ते 2025 मँचेस्टर सिटीत होता. गोलकीपर, बहुतेक काळ तिसऱ्या नंबरचा. इतक्या वर्षांत तो सिटीकडून खेळला फक्त दोन मॅच. लहान क्लबला हे कसं परवडणार? तिथे प्रत्येक पगार मोजून दिला जातो. जागा एकच आणि कीपर क्वचितच बदलतो, त्यामुळे काटकसर करताना आधी नजर जाते ती दुसऱ्या कीपरवर. दहापैकी नऊ वेळा ते खपूनही जातं. दहाव्या वेळी कार्लाइलसारखी धावपळ होते. इंग्लंडच्या खालच्या लीग्जमध्ये आजही ट्रान्सफर विंडो बंद असताना आपत्कालीन लोनची सोय आहे, तीही गोलकीपरसाठीच. यावरूनच ओळखा.

इंग्लिश लीगमध्ये बदली खेळाडूची पद्धत सुरू झाली 1965 मध्ये, तीही फक्त दुखापत झाली तरच. पहिला बदली खेळाडू होता चार्लटनचा कीथ पीकॉक. त्या दिवशी जखमी कोण झालं होतं? गोलकीपर! पीकॉक होता मिडफिल्डर, त्यामुळे ग्लोव्हज घालावे लागले मैदानावरच्याच दुसऱ्या एका खेळाडूला.

बाहेर बसणं हेही काम

लहान क्लबमध्ये राखीव खेळाडू नुसता राखीव नसतो. सटन युनायटेडचा वेन शॉ राखीव कीपर होता आणि गोलकीपर कोचही. फेब्रुवारी 2017 मध्ये पाचव्या पातळीवरचं सटन एफए कपमध्ये थेट आर्सेनलशी खेळलं. तिन्ही बदल झाले, आता आपला नंबर लागणार नाही हे कळल्यावर शॉनं बेंचवर बसून पाय खाल्ला. तो असं करेल यावर एका कंपनीनं आधीच बेटिंग खुलं केलं होतं. प्रकरण पेटलं, शॉनं क्लब सोडला, पुढे दंड आणि दोन महिन्यांची बंदीही आली. नियम मोडला हे खरंच. पण जग त्याला ओळखतं ते त्या पायसाठी. त्यानं घेतलेली प्रॅक्टिस कुणाच्या लक्षात नाही.

ग्लासचंही काही फार वेगळं झालं नाही. कार्लाइलनं त्याला कायम ठेवलं नाही. आणखी काही क्लब फिरून विशी सरायच्या आतच त्याचं प्रोफेशनल करिअर संपलं. नंतर त्यानं टॅक्सीही चालवली. गंमत म्हणजे त्या गोलच्या एक वर्ष आधी, वेम्बलीवरच्या एका फायनलमध्ये बोर्नमथकडून खेळताना त्याच्याच नावावर स्वयंगोल लागला होता. आणि स्कारबरो? त्या एका गोलनं ते लीगबाहेर गेले, परत कधीच आले नाहीत. 2007 मध्ये कर्जापायी क्लबच बंद झाला. एका क्लबची शेवटच्या क्षणाची जुळवाजुळव जमली, त्याची किंमत दुसऱ्यानं मोजली.

आणि आपली टीम?

शेवटच्या वर्षी आमच्या मेन कीपरचं बोट दुखावलं आणि मला वीस मिनिटं मिळाली. आधीच दोन गोलनं मागे होतो. पहिलाच बॉल हातातून सुटला. तो गोल गेला नाही, पण पाय लटपटत होते. प्रॅक्टिस कमी पडली नव्हती. मॅचची सवयच नव्हती. दोन वर्षांत एकाही फ्रेंडलीमध्ये मला एक हाफसुद्धा मिळाला नव्हता.

म्हणून इंटर-कॉलेजच्या तयारीला लागलेल्या कॅप्टन लोकांना एकच विचारायचंय. तुमचा दुसरा कीपर कोण आहे? आणि तो शेवटची पूर्ण मॅच कधी खेळला? उत्तर आठवायला वेळ लागत असेल, तर पुढच्या फ्रेंडलीत पहिल्या मिनिटापासून त्यालाच उभा करा. हरलात तरी चालेल. ती फ्रेंडलीच आहे.