रोलरची झीज आणि उसाचा दर



“मिलची दुरुस्ती हे इंजिनीअरिंग खात्याचं काम, त्यात आम्ही काय करणार?” असे बरेच सभासद विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु मिलचे रोलर झिजण्याचे एक मोठे कारण आपल्याच फडातून मोळीबरोबर गव्हाणीत जाते. ते म्हणजे माती आणि वाळू. म्हणून शेतकी खात्यातर्फे हा विषय मांडीत आहे.

घरच्या जात्याचे टाके बुजले की दळण भरड येते, मग टाकी लावून घ्यावी लागते. रोलरचंही तसंच आहे. एका मिलमध्ये मुख्य तीन रोलर असतात. पोलादी शाफ्टवर बिडाचे जाड कवच आणि त्यावर दातेरी खाचा. हे दात उसाला धरतात. रसाच्या आंबटपणाने थोडी झीज होतेच. पण वाळूतली गारगोटी बिडापेक्षा कठीण, ती दात घासून बोथट करते. मग मिल ऊस नीट ओढीत नाही, रोलरमधली फट वाढते, आणि ढिल्या चरकातून ओले चिपाड पडावे तसा बगॅस रस घेऊन बाहेर जातो.

ही झीज नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, मोजावी लागते. हंगामापूर्वी रोलरचा व्यास मधोमध व दोन्ही टोकांना मोजून नोंदवतात. दातांवर फर्मा लावून किती दात गेला ते पाहतात. ऊस बारीक करणाऱ्या हातोड्यांचे वजन करतात. घटलेले वजन म्हणजे झीज. गाळप चालू असताना रोलर उघडून पाहता येत नाही, तेव्हा प्रयोगशाळेतील बगॅसची तपासणी उपयोगी पडते. बगॅसमधील साखर व ओल वाढू लागली की मिलकडे पाहायचे. दातांवर वेल्डिंगचे थेंब चढवून पकड परत आणतात. फारच झिजले तर बंद हंगामात खाचा नव्याने पाडतात किंवा कवचच बदलतात. हा खर्च शेवटी आपल्याच पैशातून होतो.

आता ढोबळ हिशेब पाहू. १०० टन उसामागे सुमारे ३० टन बगॅस निघतो. त्यातील साखर २ टक्क्यांवरून अडीच टक्के झाली, तर टनामागे दीड किलो साखर वाया गेली. म्हणजे उतारा जवळपास ०.१५ ने घसरला. २०२५-२६ हंगामाच्या एफ.आर.पी.त १०.२५ टक्क्यांच्या वर दर ०.१ टक्का उताऱ्यास क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे धरले आहेत. त्या मानाने हा फटका टनाला सुमारे ५२ रुपयांचा. एकरी ४० टन पिकविणाऱ्याचे दोन हजारांवर गेले!

मातीचा आकडाही ध्यानात घ्या. दिवसाला ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात उसाबरोबर १ टक्का माती आली, तरी रोज ५० टन माती मिलमधून जाते. तीच पुढे मळीत साखर अडकवते आणि बगॅसबरोबर जाऊन बॉयलरच्या नळ्या घासते.

यासाठी सभासदांनी एवढे करावे:

१) तोडीपूर्वी पाणी वेळेत तोडावे. पाऊस झाल्यास वापसा येऊ द्यावा.

२) ऊस जमिनीलगतच तोडावा, कारण बुडख्यात साखर जास्त. मात्र मुळ्या व चिकटलेली माती कोयत्याने काढून टाकावी.

३) पाचट व वाढे मोळीत बांधू देऊ नये.

४) मशीनने तोड असल्यास खालचे पाते मातीत घुसत नाही ना, हे चालकाकडून पाहून घ्यावे.

५) गाडी भरताना दगड, ट्रॉलीची पिन, तुटका कोयता उसात जाऊ देऊ नये. लोहचुंबक लोखंड पकडतो, दगड पकडत नाही.

टोळी घाईत असते, मुकादमाला खेपा मोजायच्या असतात, हे खरं. म्हणून तोड चालू असताना मालकाने किंवा घरच्या कोणीतरी फडात उभे राहावे. अडचण आल्यास आपल्या गट ऑफिसात कळवावे, ही विनंती.