हलकं स्टिअरिंग आणि एका वेळी एकच बदल

समजा, तुम्ही सेकंडहँड एसयूव्ही घेतली. पार्किंगमध्ये स्टिअरिंग हलकं, छानच. पण हायवेवर ८० च्या वेगालाही तितकंच हलकं. जरा हात हलला की गाडी लेन सोडते. आमच्या घरच्या गाडीचं हेच झालं. गॅरेजवाला म्हणाला, "टायर, अलाइनमेंट, सगळं एकदमच उरकू." मी नको म्हटलं. गाडी सुधारली असती, पण कशामुळे ते कळलं नसतं.

तोवर हायवे बंद केला आणि संशयित लिहून काढले. पुढच्या टायरात जास्त हवा: रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो. कमी कॅस्टर: चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो मागे पुरेसा कललेला नसेल, तर वळणानंतर चाक आपोआप सरळ येत नाही. तिसरा, पॉवर स्टिअरिंग: वेग वाढूनही त्याची मदत कमी होत नसेल.

स्वस्त चाचणी आधी. थंड टायरात ४२ पीएसआय निघाले. दारावरच्या स्टिकरवर ३३. हवा कमी केली, थोडा फरक पडला. इथेच थांबायचा मोह होतो! पण वळणानंतर स्टिअरिंग अजूनही आपसूक परतत नव्हतं. मशीनवर मोजला, तर कॅस्टर कमी. आधीच्या मालकाने गाडीची उंची वाढवली होती. पुढे सॉलिड ॲक्सल असला की त्याने कॅस्टर बहुधा घटतो.

प्रयोगशाळेतही हेच करा. चाचणीआधी अंदाज वहीत लिहा, एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि 'थोडा फरक पडला' याला उत्तर समजू नका. उरलेलं लक्षण कशामुळे, ते विचारा.