समर्थकांचा पैसा, खेळाडूची मजुरी

जाहिरातीचा खर्च कोण करतो? ज्याला माल विकायचा आहे तो दुकानदार किंवा कारखानदार, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. परंतु अमेरिकेत गेल्या काही वर्षांत असा एक व्यवहार उभा राहिला की, जाहिरातीच्या नावाने खेळाडूला मिळणारा पैसा बराचसा दुकानदाराच्या गल्ल्यातून न येता चाहत्यांच्या खिशातून येऊ लागला. चाहते दरमहा वर्गणी भरून एका संकेतस्थळाचे सभासद होतात आणि त्या वर्गणीतून महाविद्यालयीन खेळाडूंना मोबदला दिला जातो. या व्यवहारात लाखो डॉलरची उलाढाल झाली, तसेच फसगती आणि कोर्टकज्जेही झाले. वर्गणी, मजुरी आणि करार या तीन गोष्टींशी ज्यांचा रोजचा संबंध आहे अशा व्यापारी व कारागीर बांधवांनी हा दूरदेशीचा व्यवहार समजून घ्यावा, म्हणून त्याची माहिती येथे देत आहोत.

नाव एकाचे, कमाई दुसऱ्याची

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळ हा फार मोठा धंदा आहे. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचे प्रक्षेपणाचे हक्क २०१० साली १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरना विकले गेले. अलाबामा विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक निक सेबन यांचा वार्षिक पगार एक कोटी डॉलरच्या वर गेला होता. ज्यांच्या कष्टावर हे सारे चाले त्या खेळाडूंना मात्र शिक्षणाची फी, राहणे आणि जेवण एवढेच मिळे. १९०६ साली स्थापन झालेल्या नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए या संस्थेचा नियमच तसा होता. खेळाडू हौशी आहे, त्याने आपल्या खेळाचा पैसा करू नये, असे तिचे म्हणणे होते.

हा नियम कसा लागू होई याचे एक उदाहरण पाहा. २०१० साली जॉर्जिया विद्यापीठाचा फुटबॉलपटू ए. जे. ग्रीन याने आपल्या अंगावरची एक जर्सी १,००० डॉलरला विकली. त्याबद्दल त्याला चार सामने बाहेर बसविण्यात आले. त्याच सुमारास त्याच्या ८ क्रमांकाच्या जर्सी विद्यापीठाच्या दुकानात राजरोस विकल्या जात होत्या. कोणत्याही कारागिराला यातील अन्याय समजावून सांगावा लागणार नाही.

त्याआधी २००९ साली यूसीएलएचा जुना बास्केटबॉलपटू एड ओ'बॅनन कोर्टात गेला होता. एका व्हिडिओ गेममध्ये हुबेहूब त्याच्यासारखा खेळाडू दाखवून माल विकला जात होता आणि त्याला एक छदामही मिळत नव्हता. २०१४ साली न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी एनसीएएविरुद्ध निकाल दिला. २०१९ साली कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून खेळाडूला आपले नाव व छबी यांवर कमाई करण्याचा हक्क दिला. २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य अशा एकमताने एनसीएएला हरविले. तो खटला शैक्षणिक सवलतींपुरता होता, पण एनसीएएचा जुना बांध त्याने खिळखिळा केला. लगोलग १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना नाव, छबी आणि ओळख यांचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली.

सभासदत्वाचे दुकान

मुभा मिळाली तरी दोन अटी कायम होत्या. विद्यापीठाने स्वतः पैसा द्यायचा नाही, आणि केवळ खेळल्याबद्दल किंवा अमुक विद्यापीठात प्रवेश घेतल्याबद्दल पैसा द्यायचा नाही. मोबदला कोणत्या तरी कामाचा हवा. उदाहरणार्थ, ऑगस्ट २०२१ मध्ये बिल्ट नावाच्या खाद्यवस्तूंच्या कंपनीने युटामधील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या फुटबॉल संघाशी करार केला आणि शिष्यवृत्ती नसलेल्या खेळाडूंची फी भरण्याइतका मोबदला देऊ केला. खेळाडूंनी मालाची जाहिरात करायची, कंपनीने दाम द्यायचा. हा सरळ व्यापार झाला.

परंतु अशा कंपन्या किती आणि त्या किती खेळाडूंना पुरणार? तेव्हा समर्थकांनी विद्यापीठाबाहेर आपली मंडळे उभी केली. त्यांना तिकडे 'कलेक्टिव्ह' म्हणतात. फ्लोरिडा विद्यापीठाच्या समर्थकांचे गेटर कलेक्टिव्ह हे २०२१ साली निघालेले या प्रकारच्या आरंभीच्या मंडळांपैकी एक होय. टेक्सास टेक विद्यापीठाच्या मॅटाडोर क्लबने २०२२ साली शंभराच्या आसपास फुटबॉलपटूंना प्रत्येकी वर्षाला २५,००० डॉलरचे करार देऊ केले आणि त्या बदल्यात समाजसेवेच्या कार्यक्रमांत त्यांची हजेरी मागितली.

या मंडळांकडे पैसा दोन वाटांनी येतो. पहिली वाट धनिकांच्या मोठ्या देणग्यांची. दुसरी सामान्य चाहत्यांच्या मासिक वर्गणीची, आणि ती संकेतस्थळावरून गोळा होते. वर्गणीच्या पायऱ्या असतात. खालच्या पायरीवर बातमीपत्र आणि खेळाडूंच्या खास मुलाखती. वरच्या पायरीवर स्वाक्षरी केलेला चेंडू, खेळाडूशी प्रत्यक्ष भेट, किंवा दूरध्वनीच्या पडद्यावर दोन शब्द. खेळाडू हे काम करतो म्हणून त्याला मोबदला मिळतो, अशी त्याची मांडणी आहे.

हिशेबाच्या दृष्टीने पाहू. समजा, एका मंडळाचे एक हजार सभासद दरमहा २० डॉलर भरतात. वर्षाचे झाले २,४०,००० डॉलर. ते ८५ खेळाडूंत सारखे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २,८०० डॉलर येतात. यातून संकेतस्थळ चालविणाऱ्याची दलाली, कार्डाचे शुल्क आणि कार्यालयाचा खर्च वजा होणार. हातखर्चाला ही रक्कम वाईट नाही. पण नामांकित खेळाडूंच्या ज्या रकमा वर्तमानपत्रांत छापून येतात त्या अशा वर्गणीतून निघत नाहीत. त्यांचा भार धनिक देणगीदारांवर असतो. शिवाय संघ हरू लागला की सभासद गळतात, हे आमच्याकडील कोणत्याही वर्गणीदार संस्थेच्या चालकाला सांगायला नको.

हिबा की इजारा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चाहत्याने दिलेला हा पैसा देणगी आहे की किंमत? फिकहच्या भाषेत सांगायचे तर तो हिबा आहे की इजारा? हिबा म्हणजे मोबदल्याची अपेक्षा न ठेवता दिलेली भेट. इजारा म्हणजे मजुरीचा करार. त्यात काम कोणते आणि मजुरी किती, हे दोन्ही पक्षांना आधी ठाऊक असले पाहिजे. दोन्ही जायज आहेत, पण दोहोंचे नियम वेगळे आहेत. एकाच्या नावाने दुसरा व्यवहार केला की घोटाळा सुरू होतो.

अमेरिकेत हेच घडले. कित्येक मंडळांनी स्वतःची धर्मादाय संस्था म्हणून नोंद केली, जेणेकरून वर्गणीदाराला करात सूट मिळावी. खेळाडू एखाद्या सेवाभावी कार्यक्रमात हजेरी लावी आणि त्याचे दाम घेई. जून २०२३ मध्ये तेथील आयकर खात्याने आपले मत प्रसिद्ध केले की, अशा अनेक मंडळांचा मुख्य लाभ खेळाडूंनाच होतो, सार्वजनिक हित त्यात दुय्यम आहे, म्हणून ती धर्मादाय सवलतीस पात्र ठरत नाहीत. दानाच्या पावतीवर मजुरी वाटण्याचा मार्ग अशा रीतीने अवघड झाला.

सभासदाच्या हातीही फारसे काही नसते. तो भागीदार नाही. संघ जिंकला म्हणून त्याला नफा मिळत नाही आणि खेळाडू उद्या निघून गेला तर त्याला दाद मागता येत नाही. टेनेसी विद्यापीठाचा आघाडीचा फुटबॉलपटू निको इयामालियावा मोबदल्याची बोलणी फिसकटल्याच्या बातम्यांनंतर एप्रिल २०२५ मध्ये तेथून निघाला आणि यूसीएलएकडे गेला. त्याच्या प्रेमाखातर दरमहा पैसे भरणाऱ्यांना गप्प बसण्यावाचून मार्ग नव्हता. म्हणूनच वर्गणी भरणाऱ्याने ती स्वाक्षरी, भेट, बातमीपत्र अशा हाती येणाऱ्या वस्तूची किंमत समजून भरावी, नाहीतर निखळ भेट म्हणून द्यावी. मधल्या आशेवर दिलेला पैसा हा अनिश्चिततेचा, म्हणजे गररचा व्यवहार होतो.

तोंडी बोलीचे परिणाम

खेळाडूंचीही फसगत झाली. जेडन रशादा या शाळकरी फुटबॉलपटूशी गेटर कलेक्टिव्हने १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचा करार केला. पैसा देण्याची वेळ आली तेव्हा डिसेंबर २०२२ मध्ये करार रद्द झाल्याचे त्याला कळविण्यात आले. जानेवारी २०२३ मध्ये त्याने फ्लोरिडा विद्यापीठाकडून आपली सुटका मागून घेतली आणि तो ॲरिझोना स्टेट विद्यापीठात गेला. पुढे गेटर कलेक्टिव्हचा कारभारही आटोपला. मे २०२४ मध्ये रशादाने फ्लोरिडाच्या प्रशिक्षकासह काही जणांवर फसवणुकीचा दावा लावला. येथे करार कागदावर होता, पण करार करणाऱ्याची ऐपत कोणी तपासली नव्हती.

दुसऱ्या प्रकरणात कागदच नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये लास व्हेगासच्या नेवाडा विद्यापीठाचा मॅथ्यू स्लुका तीन सामने जिंकून देऊन हंगामाच्या मध्येच संघ सोडून गेला. आपल्याला एक लाख डॉलर देण्याचे एका साहाय्यक प्रशिक्षकाने तोंडी कबूल केले होते, असे त्याच्या बाजूचे म्हणणे. असा कोणताही करार नव्हता, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. खरे कोण, हे ठरवायला लेखी पुरावा नाही. मुलाचे नाव चर्चेत आले ते खेळासाठी नव्हे, पैशाच्या भांडणासाठी.

पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो वा मोठी, कंटाळा करू नका, अशी तिची शिकवण आहे. चौदाशे वर्षांपूर्वी दिलेला हा हिशेबी शहाणपणा पाळला असता तर कोट्यवधी डॉलरच्या या बाजारातील निम्मे तंटे उद्भवलेच नसते, असे आम्हांस वाटते.

आणखी एक गोष्ट पुष्कळ मुलांना उशिरा कळली. हा मोबदला करपात्र आहे आणि त्यातून कर आगाऊ कापला जात नाही. खेळाडू नोकर नसून स्वतंत्र व्यावसायिक समजला जातो. हिशेब ठेवणे आणि कर भरणे त्याचे त्यालाच करावे लागते. हाती आलेला सारा पैसा आपलाच, असे समजून जो खर्च करतो त्याला वर्षअखेर धक्का बसतो.

२०२५ पासूनचा बदल

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश विल्केन यांनीच 'हाऊस' खटल्यातील तडजोडीस मंजुरी दिली. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसा देण्याची परवानगी मिळाली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. पूर्वीच्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलरची भरपाई दहा वर्षांत द्यायची ठरली. बाहेरून होणारे ६०० डॉलर वा त्याहून अधिक रकमेचे करार तपासणीसाठी नोंदविणे बंधनकारक झाले.

या तपासणीत मंडळांचे काय, यावर जुलै २०२५ मध्येच वाद झाला. केवळ खेळाडूंना पैसा पोहोचविण्यासाठी निघालेल्या मंडळाला व्यापारी हेतू आहे असे म्हणता येणार नाही, असे आधी सांगण्यात आले. महिनाअखेर भूमिका बदलली. मंडळ जर लोकांना खरोखर वस्तू किंवा कार्यक्रमाची तिकिटे विकत असेल तर तो व्यापार मानला जाईल, असे ठरले. म्हणजे फिरून गाडी त्याच मुद्द्यावर आली: मोबदल्यात काय दिले ते दाखवा.

आम्ही यातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट, ज्याच्या नावावर वा हुनरीवर माल खपतो त्याला त्याचा वाटा मिळाला पाहिजे. आपल्या दुकानात उत्तम कारागिराच्या नावाने गिऱ्हाईक येत असेल तर मजुरी ठरविताना त्या नावाचीही किंमत धरावी, आणि ती वेळेवर द्यावी. मजुराला ताटकळत ठेवू नये, ही आमच्या प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

दुसरी गोष्ट, मोहल्ल्यातील क्रीडा मंडळ असो, अंजुमन असो वा कारागिरांची संस्था असो. वर्गणी घेताना ती देणगी आहे की सेवेची किंमत, हे पावतीवर स्पष्ट छापावे आणि दोन्हींचे खाते वेगळे ठेवावे. गोळा झालेला पैसा ही अमानत आहे.

तिसरी गोष्ट, ज्यांची मुले विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत शिकत आहेत त्यांच्यासाठी. या व्हिसावर महाविद्यालयाबाहेर काम करून पैसा कमाविण्यावर कडक निर्बंध आहेत. त्यामुळे परदेशी खेळाडूंना हा जाहिरातीचा मोबदला घेणे फार अवघड गेले आहे. केंटकी विद्यापीठाचा कांगो देशातील बास्केटबॉलपटू ऑस्कर शिब्वे याने २०२२ साली संघ बहामा बेटांवर गेला असताना, म्हणजे अमेरिकेच्या हद्दीबाहेर, अशी कामे उरकून घेतली. आपले मूल खेळात चमकत असेल तर कोणाच्याही करारावर सही करण्यापूर्वी त्याने विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाचा आणि जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा. थोड्या डॉलरपायी व्हिसा गमाविणे परवडणारे नाही.

चौथी गोष्ट कमाईच्या शुद्धतेची. अमेरिकेतील अनेक राज्यांच्या कायद्यांनी महाविद्यालयीन खेळाडूंना दारू, तंबाखू आणि जुगार यांच्या जाहिराती करण्यास मनाई केली आहे. ज्या देशात हे धंदे खुलेआम चालतात तेथेही कोवळ्या वयाच्या मुलाचे नाव त्यांना विकू नये, असे कायदे करणाऱ्यांना वाटले. आमच्या तरुणांनी तर कोणाच्याही मालाला आपले नाव देण्यापूर्वी माल कोणता, दाम किती आणि कागद कुठे, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत.