पहिला हाय-एंड गेमिंग पीसी: पार्ट निवडायला सुरुवात कुठून करायची?

मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाने व्हॉट्सअॅपवर एका दुकानाचं कोटेशन पाठवलं. पहिल्या ओळीत कोअर आय९. मग ३२ जीबी रॅम, काचेचं कॅबिनेट, सात आरजीबी पंखे. ग्राफिक्स कार्ड पाचव्या ओळीत होतं: आरटीएक्स ५०६० टीआय. किती जीबीचं ते लिहिलेलं नाही. सगळ्यात शेवटी ‘७५० वॅट एसएमपीएस’, आणि त्याला ना कंपनी, ना मॉडेल. बेरीज मात्र नवी बाइक येईल एवढी. त्यातले निम्मे पैसे त्याने दोन वर्षांच्या पगारातून साठवलेले आणि निम्मे मावशीने दिलेले. म्हटलं, थांब, आधी ही यादी उलटी वाचू.

फोन घेताना ही कटकट नसते. प्रोसेसर, ग्राफिक्स, रॅम यांचा मेळ कंपनीनेच घातलेला असतो. पीसीमध्ये तो मेळ तुम्ही घालायचा असतो, आणि दुकानदार तोच पार्ट पुढे करतो ज्याचं नाव तुम्हाला ऐकून माहीत आहे. म्हणून आय९ वर आणि एसएमपीएस तळाला!

आधी मॉनिटर, मग कार्ड

पहिला प्रश्न असा: कुठल्या स्क्रीनवर, कुठला गेम? १०८०पी स्क्रीनवर साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी वर ३६.९ लाख आणि ४के वर ८२.९ लाख. म्हणजे ४के स्क्रीनसाठी कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये १०८०पी च्या चौपट पिक्सेल रंगवावे लागतात. त्यात १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर एका फ्रेमसाठी जेमतेम ७ मिलिसेकंद मिळतात. ६० हर्ट्झला जवळजवळ १७ मिळत होते.

भावाला सायबरपंक २०७७ खेळायचा होता आणि मित्रांबरोबर व्हॅलोरंट. पहिला गेम कार्डाचा घाम काढतो. दुसरा कार्डाला हलका आहे, पण शेकडो एफपीएस हवे असतील तर प्रोसेसर तगडा लागतो. आम्ही २७ इंची १४४०पी, १६५ हर्ट्झचा मॉनिटर पक्का केला आणि त्याला साजेसं आरटीएक्स ५०७० टीआय. त्यात १६ जीबी मेमरी आहे. ५०६० टीआय ८ आणि १६ अशा दोन प्रकारांत येतं आणि नाव दोन्हींचं एकच, म्हणून कोटेशनमधली ती मोकळी जागा मला खटकली. ८ जीबी भरली की टेक्स्चर धूसर होतात किंवा गेम अडखळायला लागतो. ते सॉफ्टवेअर अपडेटने सुटत नाही, आणि कार्डात मेमरी नंतर वाढवताही येत नाही.

जाता जाता, जाहिरातीतल्या एफपीएसकडे जरा सावधपणे बघा. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग यांनी स्टेजवरून ५०७० मध्ये ४०९० ची कामगिरी मिळेल असं सांगितलं होतं. तो हिशोब एआयने मधल्या फ्रेम तयार करण्यावर उभा होता. त्याने चित्र गुळगुळीत दिसतं, पण तुमच्या क्लिकला गेम लवकर उत्तर देत नाही. तुलना करताना फ्रेम जनरेशन बंद ठेवून केलेल्या चाचण्या बघा.

प्रोसेसर रायझन ७ ९८००एक्स३डी घेतला. कोर आठच, म्हणजे कागदावर आय९ पुढे किरकोळ वाटतो. पण याच्याकडे ९६ एमबी एल३ कॅश आहे. त्याच पिढीच्या ९७००एक्स कडे ३२ आहे. कॅश म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि रॅम म्हणजे माळा. लागणारं सामान ओट्यावरच असेल तर दर वेळी माळ्यावर चढावं लागत नाही, आणि गेमला नेमकं हेच लागतं. व्हिडिओ एडिटिंग हेच मुख्य काम असेल तर जास्त कोरचा विचार करा.

मदरबोर्ड बी६५० किंवा बी८५० चिपसेटचा पुरतो. फक्त बी६५० चा जुना स्टॉक असेल तर बायोस अपडेट करून द्यायला दुकानदाराला सांगा, नाहीतर हा प्रोसेसर बोर्ड ओळखणारच नाही. रॅम डीडीआर५ ६०००, १६ जीबीच्या दोन पट्ट्या. एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५ च्या शेवटापासून रॅम खूप महागली आहे, त्यामुळे ६४ जीबीचा मोह टाळा. एसएसडी जेन४ बस झाली. जेन५ चा फरक गेममध्ये जाणवतही नाही.

एसएमपीएस

इथे मी हट्ट धरतो. ५०७० टीआय एकटं ३०० वॅटपर्यंत ओढतं आणि एनव्हिडिया त्यासाठी ७५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. पण हा भार सरळ रेषेत नसतो, क्षणभर एकदम उसळतो. चांगला एसएमपीएस ती उसळी पचवतो किंवा वेळेवर बंद पडतो. स्वस्तातला स्वतः जळतो आणि कधी कधी बोर्ड, कार्डही सोबत नेतो. खोक्यावरचा ‘गोल्ड’ शिक्का मुळात वीज किती वाया जाते ते सांगतो, सुरक्षेची हमी देत नाही. एटीएक्स ३.१ चा, नावाजलेल्या मॉडेलचा, लांब वॉरंटीचा घ्या.

कार्डाची १६ पिनची केबल पूर्ण आत बसली पाहिजे. अर्धवट बसलेल्या केबलचे प्लग वितळल्याचे प्रकार ४०९० पासून समोर आलेत. आणि एका एसएमपीएसच्या मोड्युलर केबल दुसऱ्याला कधीही लावू नका. प्लग बसतो, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो. मग पहिल्याच स्विचला धूर!

घरचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. गेम चालू असताना हा पीसी ४५० वॅटच्या आसपास जाईल, त्यामुळे मोठा यूपीएस लागेल. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

हीच वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. परदेशी रिव्ह्यू बहुधा एसीतल्या खोलीत केलेले असतात. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात. खोली २५ वरून ४० वर गेली की आतलं तापमानही साधारण तेवढंच वर सरकतं. म्हणून पुढून काचेचं नको, जाळीचं कॅबिनेट हवं. ९८००एक्स३डी सोबत कूलर मिळत नाही, दोन टॉवरचा एअर कूलर वेगळा घ्या. त्याची उंची आणि कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का, ते मिलिमीटरमध्ये तपासा.

खरेदी लॅमिंग्टन रोडवर करा नाहीतर ऑनलाइन, पण प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर असलेलं जीएसटी बिल घ्या. ‘बिलाशिवाय एवढे कमी करतो’ यातले वाचलेले पैसे वॉरंटीच्या वेळी महागात पडतात. भारतातली वॉरंटी कोण देणार, हे पैसे देण्याआधी विचारा.

जोडणी झाल्यावर पहिल्यांदा सुरू केलं की स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, घाबरून स्विच बंद करू नका. मग बायोसमध्ये एक्स्पो चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम बहुतेक वेळा ४८०० वर चालते. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाला लावा, मदरबोर्डला नाही. या प्रोसेसरमध्ये छोटं ग्राफिक्स असल्यामुळे चुकीच्या पोर्टवरही चित्र येतं आणि चूक लक्षातच येत नाही. शेवटी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० चं १६५ हर्ट्झ करा. ते आपोआप होईलच असं नाही.