इतकंसं ऐकून शांतता कशी ठरवायची?

19 ऑक्टोबर 2016. ‘स्कियापरेली’ हे युरोपीय यान मंगळावर उतरत होतं आणि त्याचा क्षीण रेडिओ संदेश टिपला जात होता आपल्या नारायणगावजवळच्या खोडदला. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. यान जमिनीला टेकायच्या जरा आधी संदेश तुटला, तेही तिथे दिसलं. यान कोसळलं होतं. एवढा बारीक आवाज कोट्यवधी किलोमीटरवरून ऐकू आला, कारण कान कुठे लावायचा, कधी लावायचा, कोणत्या वारंवारतेवर लावायचा, हे आधीच ठाऊक होतं. परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांबाबत यातलं काहीच ठाऊक नाही.

म्हणूनच ‘साठ वर्षं शोधलं, कोणी सापडलं नाही, म्हणजे कोणी नाहीच’ हा समज मला सगळ्यांत जास्त खटकतो. खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी 1960 साली अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथे शोध सुरू केला तो फक्त दोन ताऱ्यांपासून, टाउ सेटी आणि एप्सिलॉन एरिडनी. पुढे तारे वाढले, यंत्रं सुधारली, पण ऐकणं तुकड्यातुकड्यांनीच झालं. संदेश सापडायचा तर दिशा, वेळ, वारंवारता, तीव्रता असं सगळं एकदम जुळावं लागतं. 1977 साली ओहायोतल्या दुर्बिणीने 72 सेकंदांचा एक जोरदार संदेश नोंदवला. ती नोंद तपासणाऱ्या जेरी एहमन यांनी तिच्या छापील कागदावर ‘वॉव!’ असं लिहिलं. नंतर त्या दिशेला पुन्हा पुन्हा कान लावले, पण तो परत आला नाही, आणि एकदाच आलेल्या संदेशावरून काही सिद्ध करता येत नाही. आजवर नेमकं किती तपासून झालं, याचा हिशेब खगोलशास्त्रज्ञ जेसन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली मांडला. पृथ्वीवरचे सगळे महासागर एका बाजूला आणि पोहण्याचा एक लहानसा तलाव दुसऱ्या बाजूला, असं ते प्रमाण निघालं. तलावभर पाण्यात बांगडा मिळाला नाही म्हणून समुद्र रिकामा ठरवणारा कोळी कोकणात भेटायचा नाही.

आपले टीव्हीचे कार्यक्रम दूरवरच्या ताऱ्यांवर कुणी तरी पाहत असेल, ही कल्पनाही फार लोकप्रिय आहे. लहरी तिकडे जातात हे खरं, पण अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौपटीने घटते. आपल्यासारख्याच दुर्बिणी असलेल्या शेजाऱ्याला सर्वांत जवळच्या ताऱ्यावरूनही आपलं नेहमीचं प्रक्षेपण ओळखणं जवळपास अशक्य आहे. मग आपल्यालाही त्यांच्या घरातला गोंगाट इथे बसून ऐकू येणार नाही.

तो जवळचा तारा म्हणजे प्रॉक्सिमा, 4.2 प्रकाशवर्षांवर. व्हॉयेजर-1 हे यान सेकंदाला 17 किलोमीटर धावतं. त्या वेगाने तिथवर जायला 70 हजारांहून अधिक वर्षं लागतील. ‘असते तर एव्हाना आले असते’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर ध्यानात घ्यावा. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी 1950 साली लॉस अलामोसला जेवणाच्या टेबलावर ‘सगळे आहेत कुठे?’ असं विचारलं होतं. तेव्हा हजर असलेल्या हर्बर्ट यॉर्क यांच्या आठवणीप्रमाणे फर्मींचा रोख ताऱ्यांमधल्या प्रवासाच्या अडचणींकडेही होता. लोकांनी मात्र त्या प्रश्नाचंच उत्तर करून टाकलं.

सापडलं असेल पण शास्त्रज्ञ लपवतात, असंही ऐकू येतं. 1967 साली खगोलशास्त्रज्ञ जॉसलिन बेल यांना दर 1.33 सेकंदांनी येणारे स्पंद मिळाले. त्यांना गमतीने ‘लिटल ग्रीन मेन’ हे नावही पडलं होतं. काही महिन्यांत, फेब्रुवारी 1968 मध्ये, ते सगळं ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आलं. तो स्पंद पाठवणारा तारा, म्हणजे पल्सार निघाला. 2019 साली प्रॉक्सिमाच्या दिशेने आलेल्या संशयित संदेशाची बातमी तर अभ्यास पुरा होण्याआधीच फुटली. तो माणसाच्याच उपकरणांचा व्यत्यय होता.

उरतो काळाचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. पृथ्वीवर जीवन निदान 350 कोटी वर्षांचं आहे, पण रेडिओ सव्वाशे-दीडशे वर्षांपलीकडचा नाही. जीवसृष्टी असली की बुद्धी येतेच आणि बुद्धी आली की रेडिओ येतोच, असा नियम कुठे दिसत नाही. आला तरी तो किती काळ टिकतो, कोण जाणे. भंडारदऱ्याच्या रानात पावसाळ्याआधी दोन काजवे दोन टोकांना चमकतात. एक विझल्यावर दुसरा पेटला, तर दोघांनाही अंधारच दिसतो.

‘आपण निरोप धाडला, उत्तर आलं नाही’ अशी तक्रारही होते. 1974 साली अरेसिबोच्या दुर्बिणीवरून एम-13 या तारकागुच्छाकडे पाठवलेल्या निरोपाला सुमारे 25 हजार प्रकाशवर्षं जायचं आहे. अजून तो पन्नास-बावन्न प्रकाशवर्षंच पुढे गेला आहे.