ओमेन्याचं अष्टकोनी भांडं

मोका पॉट पिळून उघडला की हातात तीन भाग येतात. खाली पाण्याचं भांडं, मध्ये लांब दांडीच्या नरसाळ्यासारखी कॉफीची गाळणी आणि वर तयार कॉफी साठणारी चोचीची किटली. शिवाय एक रबरी रिंग आणि एक चपटी जाळी. त्याला वीज लागत नाही, मोटर लागत नाही, कागदी फिल्टरही लागत नाही. खालच्या भांड्याच्या कडेला छोटी झडप दिसते. तिचं काम काय, हे रोज कुकर लावणाऱ्या घरात कुणाला समजवावं लागणार नाही.

हे भांडं चालतं कसं, ते एकदा नीट पाहण्यासारखं आहे. खाली झडपेच्या जरा खालपर्यंत पाणी भरायचं. त्याच्या वर थोडी हवा उरते. मधल्या गाळणीत कॉफीची पूड भरून दोन्ही भांडी घट्ट पिळली, की ही हवा कोंडली जाते. गॅस पेटवल्यावर हवा फुगू लागते, पाण्याची वाफ तिच्यात मिसळते आणि दोघी मिळून पाण्याला खाली दाबतात. पाण्याला वाट एकच, ती नरसाळ्याच्या दांडीतून वर जाणारी. ते दांडीतून चढतं, पुडीतून जातं आणि वरच्या किटलीच्या मधल्या नळीतून कॉफी होऊन पाझरतं. पाणी उकळून वर येतं असा अनेकांचा समज असतो, पण ते उकळण्याच्या आधीच चढू लागलेलं असतं. कारण सुरुवातीचा बराचसा दाब वाफेचा नव्हे, तापलेल्या हवेचा असतो.

हे यंत्र जन्मलं इटलीच्या उत्तरेला, पिएमोन्ते प्रांतातल्या ओर्ता सरोवराकाठी. तिथल्या ओमेन्या गावाला लागून क्रुसिनाल्लो नावाची वस्ती आहे. अल्फोन्सो बियालेत्ती याने फ्रान्समधल्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यांत काही वर्षं काम केलं, मायदेशी परतला आणि १९१९ साली क्रुसिनाल्लोत स्वतःचं ओतकामाचं दुकान काढलं. वितळलेलं ॲल्युमिनियम धातूच्या पक्क्या साच्यात ओतून वस्तू घडवण्याचं तंत्र तो फ्रान्समधून शिकून आला होता. वाळूचा साचा एका ओतकामानंतर मोडावा लागतो. हा साचा पुन्हापुन्हा वापरता येतो आणि प्रत्येक नग सारखाच निघतो. मोका पॉटच्या जन्मात कॉफीइतकाच या साच्याचा वाटा आहे.

कल्पना कुठून सुचली याची एक कथा सांगितली जाते. त्या काळी कपडे धुवायला एक मोठा हंडा वापरत. तळाशी सोड्याचं पाणी, त्यावर कपडे आणि मधोमध एक उभी नळी. खाली जाळ लागला की तापलेलं पाणी नळीतून वर येऊन कपड्यांवर पसरायचं. अल्फोन्सोने तो हंडा पाहिला आणि कपड्यांच्या जागी त्याला कॉफीची पूड दिसली, अशी ही कथा. तिच्यात पदरचं किती घातलं गेलं हे बाजूला ठेवलं, तरी दोन्ही यंत्रांमागचं तत्त्व एकच आहे. लुईजी दे पोन्ती या तंत्रज्ञाचं नावही या शोधाशी जोडलं जातं. १९३३ साली ‘मोका एक्सप्रेस’ तयार झाला.

नावातला ‘मोका’ म्हणजे येमेनचं मोखा बंदर. एके काळी जगाची कॉफी तिथून गलबतांत चढायची. सूफी संत बाबा बुदान यांनी चिकमगळूरच्या डोंगरात आणलेल्या सात बियांची दंतकथाही याच बंदरापासून सुरू होते. म्हणजे दक्षिण भारतातले कॉफीचे मळे आणि इटलीचं हे भांडं, दोघांच्या मुळाशी एकच गाव आहे.

१९३३ या सालाकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण मोका पॉटवर नेहमी होणारा आरोप त्यातच निकालात निघतो. आरोप असा, की ही खरी एस्प्रेसो नव्हे, गरिबाची नक्कल आहे. आकडे पाहिले तर आरोप बिनतोड वाटतो. आजचं एस्प्रेसो यंत्र पाणी सुमारे ९ बार दाबाने पुडीतून ढकलतं. मोका पॉटमधला दाब जेमतेम दीड-दोन बार. त्यामुळे एस्प्रेसोवर येणारा सोनेरी दाट फेस, इटालियन भाषेतला ‘क्रेमा’, मोकात बनत नाही. पण अल्फोन्सोच्या काळात मिलान-तुरीनच्या कॉफीबारमध्ये काय मिळत होतं? तिथली उंच, पितळी, घुमटाच्या टोप्या घातलेली यंत्रंही वाफेच्या दाबावरच चालत आणि तो दाबही साधारण दीड बारच्या आसपासच असे. आकिल्ले गाज्जियाची तरफेची यंत्रं १९४८ पासून बाजारात आली, तेव्हा कुठे दाब वाढला आणि कपावर क्रेमा दिसू लागला. म्हणून ‘घरात बारसारखी एस्प्रेसो’ ही बियालेत्तीची जाहिरात खोटी नव्हती. पुढे बार बदलला, भांडं तसंच राहिलं. मोका पॉटमधून आज जे कपात पडतं, ते १९३३ सालच्या एस्प्रेसोचं जवळचं भावंड आहे. त्याला नक्कल म्हणणं हा अन्याय आहे.

आणखी एक बदल या भांड्याने केला, तो घरातला. तोवर कडक कॉफी हा मुख्यतः पुरुषांच्या कट्ट्याचा, बारमधला प्रकार होता. घरी बायका करत ती कॉफी संथ गाळलेली असे. नेपल्समध्ये उलटं करून गाळायचं ‘कुक्कुमेल्ला’ नावाचं भांडं त्यासाठी होतं आणि अजूनही आहे. त्याची गत आपल्याकडच्या मद्रासी फिल्टरसारखीच, पाणी आपल्या वजनाने खाली झिरपणार आणि माणसाने वाट पाहायची. मोकाने दाब स्वयंपाकघरात आणला.

तरी अल्फोन्सोच्या हयातीतल्या उमेदीच्या काळात भांडं फार खपलं नाही. तो कारागीर होता, व्यापारी नव्हता. पिएमोन्तेच्या आठवडी बाजारांत तो माल विकायचा. ऑक्टोबर १९३५ मध्ये मुसोलिनीने कॉफीची मायभूमी असलेल्या इथिओपियावर चढाई केली आणि राष्ट्रसंघाने इटलीवर निर्बंध घातले. बाहेरच्या मालाची वाट अडली, पण ॲल्युमिनियमचं खनिज असलेलं बॉक्साइट इटलीत होतं, त्यामुळे राजवटीने ॲल्युमिनियमला देशी धातू म्हणून उचलून धरलं. तरीही दुसऱ्या महायुद्धापर्यंत मोका पॉट विकले गेले ते सुमारे ७० हजार. मग उत्पादन थांबलं.

ते मोठं केलं मुलाने. रेनातो बियालेत्ती १९४६ मध्ये युद्धकैदेतून परतला आणि त्याने कारखान्याची बाकीची भांडी बंद करून सगळं बळ या एकाच वस्तूवर लावलं. मिलानच्या व्यापारी मेळ्यात त्याने महाकाय मोका पॉट उभारला. १९५०च्या दशकात पॉल काम्पानी या व्यंगचित्रकाराने कंपनीला बोधचिन्ह काढून दिलं. काळा कोट, भरघोस मिशा आणि बारमध्ये कॉफी मागवताना वर करतात तसं वर केलेलं बोट. हा मिशीवाला बुटका म्हणजे खुद्द रेनातोच. १९५७ ते १९७७ इटलीच्या सरकारी दूरचित्रवाणीवर रोज रात्री ‘कारोसेल्लो’ नावाचा जाहिरातींच्या नाटुकल्यांचा कार्यक्रम लागायचा. तो संपला की मुलांनी झोपायला जायचं, हा घरोघरचा नियम. मिशीवाला त्यातून घराघरांत पोचला.

रेनातो फेब्रुवारी २०१६ मध्ये ९३व्या वर्षी वारला. कासाले कोर्ते चेर्रो या गावच्या चर्चमध्ये अंत्यविधी झाला, तेव्हा त्याच्या अस्थी एका मोठ्या मोका पॉटमध्ये ठेवल्या होत्या. पॉटवर तोच मिशीवाला. धर्मगुरूंनी त्याच पॉटवर पवित्र जल शिंपडलं. आयुष्यभर एकच वस्तू विकलेल्या माणसाला याहून साजेसा निरोप सुचणं कठीण.

ओमेन्याच्या परिसराची गोष्ट तिथे संपत नाही. स्वयंपाकघरातल्या देखण्या वस्तूंसाठी प्रसिद्ध असलेली आलेस्सी कंपनी याच गावची आणि तिचे आल्बेर्तो आलेस्सी हे अल्फोन्सोच्या मुलीचे चिरंजीव. त्यांच्या कंपनीने १९७९ मध्ये डिझायनर रिचर्ड साप्परकडून पोलादी मोका करून घेतला. तो पिळायचा नसून कडीने बंद होतो. दिसायला सुरेख आहे, पण जुन्या अष्टकोनाची सर त्याला नाही. त्या आठ बाजू नुसत्या शोभेच्या नाहीत. ओल्या हातांनी भांडं पिळताना गोल भांडं निसटतं, हे निसटत नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो अष्टकोन आपल्या संग्रहात ठेवला आहे. ओमेन्याचा मूळ कारखाना मात्र २०१० मध्ये बंद झाला.

आता ओट्यापाशी येऊ. मोकाची कॉफी कडू, जळकी लागते अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुधा दोन चुका केलेल्या असतात. एक, मोठी आच. दुसरी, उशिरा उतरवणं. खालचं पाणी संपत आलं की दांडीतून पाण्याऐवजी वाफ वर येऊ लागते, किटलीत खळखळाट होतो, फसफसून शिंतोडे उडतात. तो आवाज कॉफी झाल्याची खूण म्हणून सांगितला जातो, पण तोवर उशीर झालेला असतो. ती वाफ तापलेल्या पुडीतला उरलासुरला कडूपणा ओढून वर नेते. झाकण उघडं ठेवून पाहत राहावं. आधी गडद, काकवीसारखी धार येते, मग ती मधाच्या रंगाची होते. रंग फिकट होऊ लागला की गॅस बंद करून भांड्याचा तळ नळाखाली धरावा किंवा ओल्या फडक्यावर ठेवावा. दाब लगेच बसतो.

पूड फिल्टर कॉफीपेक्षा बारीक, एस्प्रेसोपेक्षा भरड हवी. ती गाळणीत काठोकाठ भरून बोटाने सपाट करावी, दाबू नये. दाबलेल्या पुडीतून एवढ्याशा दाबाचं पाणी जात नाही आणि सगळा भार झडपेवर येतो. क्यूबात हे फार घडलं. तिथे घरोघरी मोका आहे आणि रेशनवरच्या कॉफीत भाजलेल्या वाटाण्याची पूड मिसळलेली असते. ती भिजून गाळणी तुंबते आणि भांडी फुटतात. त्याच क्यूबात कॉफीची पहिली दाट धार साखरेत फेटून फेस करतात आणि उरलेली कॉफी त्यावर ओततात. क्रेमाची हौस अशीही भागते.

पाणी थंड घ्यावं की आधी तापवलेलं, यावर वाद आहे आणि त्याचं उत्तर कॉफीच्या भाजणीत आहे. थंड पाण्याने सुरुवात केली तर हवेला फुगायला पुरेसा वाव मिळतो आणि पाणी कमी तापमानाला चढू लागतं. काळसर भाजलेल्या, लवकर कडू होणाऱ्या बियांना ते मानवतं. तापलेलं पाणी घातलं तर पुडीतून जातानाही ते अधिक गरम असतं. हलक्या भाजणीच्या, आंबटसर बियांना ते हवं असतं. इटलीत काळी भाजणी चालते, त्यात भारतातली रोबस्टा जातीची कॉफी मुबलक असते आणि आपल्या कॉफीचा सर्वांत मोठा खरेदीदार वर्षानुवर्षं इटलीच राहिला आहे. मराठी घरात मोका करणाऱ्याने कुर्ग-चिकमगळूरची पूड घ्यावी, मिळाली तर मेळघाटातल्या चिखलदऱ्याची आणावी. ब्रिटिशांच्या काळापासून तिथे कॉफी पिकते.

विकत घेताना मापाने फसू नये. ‘सहा कप’ म्हणजे इटालियन कप, एकेक जेमतेम ५० मिलिलिटरचा. आपल्या मगांच्या हिशेबात ते दोघांपुरतं होतं. आणि हे भांडं अर्धं भरून चालत नाही, म्हणून एकट्याने तीन कपांचाच घ्यावा. तळ लहान असल्याने आपल्या शेगडीवर तो तिरका होतो. त्यासाठी लहान बर्नर आणि वर एक जाळी ठेवावी. आच तळाबाहेर गेली की मूठ वितळते. इंडक्शनवर ॲल्युमिनियम चालत नाही, तिथे पोलादी घ्यावा.

भांडं धुऊच नये, आतला थर चव वाढवतो, असं इटलीत अनेक घरांत मानतात. तेवढं मात्र ऐकू नये. कॉफीतलं तेल खवट होतं. काथ्या-तार न लावता गरम पाण्याने धुवावं, पुसावं आणि भाग सुटे ठेवून वाळवावेत. रिंग कडक झाली, कडेने पाणी झिरपू लागलं की भांडं बाद झालं असं समजू नये. मापाची रिंग सुटी मिळते, कुकरच्या रिंगपेक्षा सोपी बसते आणि माळ्यावर पडलेलं भांडं पुन्हा कामाला लागतं.