पंचनिर्णय व चित्रफीत-पडताळणी, फुटबॉलमधील

फुटबॉलच्या सामन्यात पंचाने दिलेला निर्णय आणि तो चित्रफितीच्या आधारे तपासून पाहण्याची पद्धती. खेळाच्या अधिकृत नियमावलीतील पाचवा नियम पंचासंबंधी असून, त्यानुसार खेळाशी निगडित घटनांविषयीचा पंचाचा निर्णय अंतिम मानला जातो. हा निर्णय त्याला धावता धावता, एकाच कोनातून पाहून व क्षणार्धात द्यावा लागतो. दूरचित्रवाणीवरील प्रेक्षक मात्र तीच घटना अनेक कोनांतून, संथ गतीने व पुनःपुन्हा पाहू शकतो. अधिकार असलेल्यास कमी दिसते आणि अधिकार नसलेल्यास अधिक दिसते, या विसंगतीतून पडताळणीची मागणी पुढे आली.

ऐतिहासिक आढावा : लंडन येथे १८६३ मध्ये फुटबॉल असोसिएशनने केलेल्या पहिल्या नियमांत पंचाची तरतूद नव्हती, वाद उद्‌भवल्यास संघनायकांनी तो आपसांत मिटवावा, असा संकेत होता. पुढे प्रत्येक संघाच्या वतीने एक, असे दोन पंच नेमले जाऊ लागले. त्यांचे एकमत न झाल्यास मैदानाबाहेरील तिसऱ्या व्यक्तीकडे वाद सोपविला जाई. ‘रेफरी’ या शब्दाचा मूळ अर्थही ‘ज्याच्याकडे वाद सोपवावयाचा तो’ असाच आहे. १८९१ मध्ये या तिसऱ्या व्यक्तीस मैदानात आणून पूर्ण अधिकार देण्यात आले व आधीचे दोघे रेषापंच झाले. १९९६ पासून रेषापंचांना साहाय्यक पंच म्हणतात.

पंचाचे अंतिमत्व खेळाच्या सोयीचे असले, तरी त्याची किंमत काही संघांना मोजावी लागली. १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, इंग्लंड व पश्चिम जर्मनी यांची २–२ अशी बरोबरी असता, जेफ हर्स्टचा फटका आडव्या दांडीच्या खालच्या बाजूस आपटून गोलरेषेजवळ पडला. रेषापंचाच्या साक्षीवरून गोल देण्यात आला व त्याविषयीचा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. १९८६ मध्ये मेक्सिको सिटी येथे अर्जेंटिनाच्या डिएगो मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने केलेला गोल पंचाने ग्राह्य धरला. २००९ मध्ये थिएरी आंरीने हाताने थोपविलेल्या चेंडूवर फ्रान्सने गोल केला आणि आयर्लंडची विश्वचषकाची वाट बंद झाली. २०१० च्या विश्वचषकात इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा चेंडू जर्मनीची गोलरेषा स्पष्टपणे ओलांडून गेला असताही गोल मिळाला नाही.

गोलरेषा तंत्र : चेंडू संपूर्णपणे गोलरेषेपलीकडे गेला तरच गोल होतो. हा प्रश्न केवळ मोजमापाचा असल्याने तंत्राचा पहिला स्वीकार येथेच झाला. नियम ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल असोसिएशन मंडळाने जुलै २०१२ मध्ये त्यास मान्यता दिली व २०१४ च्या ब्राझीलमधील विश्वचषकात ते वापरण्यात आले. अनेक कॅमेरे चेंडूचे स्थान टिपतात आणि गोल झाल्याचा संकेत एका सेकंदाच्या आत पंचाच्या मनगटी घड्याळावर उमटतो. जून २०२० मध्ये ॲस्टन व्हिला व शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्यात गोलरक्षक, बचावपटू व गोलखांब यांच्या आडोशामुळे कॅमेऱ्यांना चेंडू दिसला नाही व संकेत मिळाला नाही. असे प्रसंग मात्र विरळाच.

व्हिडिओ साहाय्यक पंच : नेदर्लंड्समधील प्राथमिक प्रयोगांनंतर मार्च २०१६ मध्ये मंडळाने चाचण्यांना परवानगी दिली आणि मार्च २०१८ मध्ये ही पद्धती नियमावलीत समाविष्ट केली. त्याच वर्षीच्या रशियातील विश्वचषकात सर्व सामन्यांवर मॉस्को येथील एका केंद्रातून देखरेख ठेवण्यात आली. या नियमानुसार हस्तक्षेप चारच बाबींपुरता मर्यादित होता : गोल, पेनल्टी किक, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूस झालेली शिक्षा. त्यांतही पंचाची ‘स्पष्ट व उघड चूक’ झाली असेल किंवा एखादी गंभीर घटना त्याच्या नजरेतून सुटली असेल, तरच त्याला सूचना दिली जाते. अधिक चांगला निर्णय शोधणे हा या पद्धतीचा उद्देश नाही; ढोबळ अन्याय टाळणे हा आहे. ऑफसाइडसारख्या वस्तुनिष्ठ बाबतीत पंच कळविलेली माहिती स्वीकारतो. मात्र धक्का किंवा हस्तस्पर्श यांसारख्या बाबतीत तो सामान्यतः मैदानाच्या कडेला ठेवलेल्या पडद्यावर घटना स्वतः पाहतो. अंतिम निर्णय नेहमी त्याचाच असतो.

ऑफसाइडचे मोजमाप : साथीदाराचा पाय चेंडूस लागतो त्या क्षणी आक्रमक कोठे होता, हे ठरवावयाचे असते. कॅमेरा सेकंदास ५० चित्रे घेत असेल, तर दोन चित्रांमध्ये ०.०२ सेकंदाचे अंतर पडते. सेकंदाला ८ मी. वेगाने धावणारा खेळाडू तेवढ्या वेळात १६ सेंमी. पुढे जातो, बचावपटू तितक्याच वेगाने उलट दिशेने धावत असल्यास दोघांमधील अंतर ३२ सेंमी.ने बदलते. अर्थात अशा चित्रांवर रेषा आखून काही मिलिमीटरांवरून गोल नाकारणे, हे साधनाच्या अचूकतेपलीकडचे ठरते. यावर उपाय म्हणून २०२२ च्या कतारमधील विश्वचषकात अर्धस्वयंचलित पद्धती वापरण्यात आली. तीत १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदू सेकंदास ५० वेळा टिपत, तर चेंडूतील संवेदक सेकंदास ५०० वेळा माहिती पाठवी. त्यामुळे चेंडू मारल्याचा क्षण अधिक नेमका कळू लागला.

मर्यादा : यंत्राने अचूक दाखविले तरी निर्णय चुकू शकतो, हे ३० सप्टेंबर २०२३ रोजी लंडन येथे टॉटनम व लिव्हरपूल यांच्या सामन्यात दिसून आले. लुईस दियासचा गोल साहाय्यक पंचाने ऑफसाइड ठरविला. मैदानावरील निर्णय ‘गोल’ असाच आहे, अशा समजुतीने व्हिडिओ पंचाने चित्रे तपासली. खेळाडू ऑफसाइड नसल्याचे त्याला बरोबर दिसले आणि तपासणी पूर्ण झाल्याचे त्याने कळविले. मैदानावरील पंचाने त्याचा अर्थ ऑफसाइडचा निर्णय कायम, असा घेतला व खेळ पुढे सुरू झाला. एकदा खेळ सुरू झाल्यावर, काही अपवाद वगळता, मागे जाता येत नाही. परिणामी चूक तत्काळ लक्षात येऊनही ती सुधारता आली नाही. लिव्हरपूलने सामना २–१ असा गमावला. येथे कॅमेरा, रेषा व मोजमाप ही सर्व बिनचूक होती. दोन माणसांमधील संवाद तेवढा तुटला होता.

दुसरी मर्यादा नियमांच्या स्वरूपातच आहे. हात अस्वाभाविक स्थितीत होता काय, धक्का निष्काळजीपणाचा की धोकादायक, यांची उत्तरे मोजून मिळत नाहीत. संथ गतीने पाहता साधी कृतीही हेतुपुरस्सर वाटू शकते. २०१८ च्या अंतिम सामन्यात क्रोएशियाच्या इव्हान पेरिसिचच्या हस्तस्पर्शाबद्दल पंचाने पडद्यावर पाहून फ्रान्सला पेनल्टी किक दिली. ती चित्रे पाहूनही जाणकारांचे एकमत झाले नाही.

प्रतिक्रिया : प्रेक्षकांचा मुख्य आक्षेप असा, की गोल झाल्यावर आनंद व्यक्त करण्यापूर्वी तपासणीची वाट पाहावी लागते व मैदानात बसलेल्यास काय तपासले जात आहे, हे कळत नाही. यास्तव २०२३ च्या महिला विश्वचषकात पंचांनी पडताळणीनंतरचे निर्णय ध्वनिक्षेपकावरून जाहीर केले. स्वीडनच्या संघटनेने २०२४ मध्ये ही पद्धती न आणण्याचे ठरविले. नॉर्वेत त्याच वर्षी प्रेक्षकांनी निषेधार्थ मैदानावर माशांचे वडे फेकल्याने एक सामना सोडून द्यावा लागला; तथापि मार्च २०२५ मध्ये तेथील संघटनेच्या सभेने ती चालू ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. इंग्लंडमधील प्रीमियर लीगच्या क्लबांनीही जून २०२४ मध्ये १९ विरुद्ध १ मतांनी ती कायम राखली.

एकंदरीत, रेषेसंबंधीचे प्रश्न तंत्राने बऱ्याच अंशी सुटले आहेत. तारतम्याचे प्रश्न मात्र पंचाकडेच राहिले आहेत. १८९१ मध्ये त्याच्यावर सोपविलेली जबाबदारी पडद्यामुळे संपलेली नसून, ती पार पाडताना त्याला आता अधिक पुरावा व अधिक साक्षीदार लाभले आहेत.